दोषाची नोंद आणि दोषाची जागा

भाईंदरास आमच्या शेजारीं विदर्भांतील एक कुटुंब राहतें. त्यांच्या मुलीचें ठरत आलेलें लग्न गेल्या वर्षीं मोडलें. पत्रिका जुळली होती. आड आला तो रक्ततपासणीचा कागद. मुलगी सिकलसेलची ‘वाहक’ आहे, एवढेंच त्यावर लिहिलें होतें. ‘रक्तांतच दोष आहे,’ असें वरपक्षानें कळविलें. मुलगी मात्र धडधाकट आहे. दोषाची नोंद झाली म्हणजे दोषाचें ज्ञान झालें काय, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत आहे.

शास्त्राचा अनुभव येथें उद्बोधक आहे. रक्तांतील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळींत 146 दुवे असतात. सिकलसेलमध्यें सारा फरक एकाच दुव्याचा असतो, हें व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं 1957 सालीं दाखविलें. हा सहावा दुवा. तेथें ग्लूटामिक आम्लाऐवजीं व्हॅलिन येतें. पण त्याच जागीं लायसिन आलें, तर होणारा विकार पुष्कळच सौम्य असतो. असें कां, हें बदलांची नुसती यादी सांगत नाहीं. प्रथिनाची घडण सांगते. प्राणवायु सुटला कीं हें व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खांचेंत रुततें, रेणूंच्या लांब तारा बनतात आणि पेशी विळ्यासारखी वांकते. म्हणूनच आज जनुकांतील बदल प्रथिनांच्या घडणीशीं जोडणारे संग्रह रचले जात आहेत. प्रथिनांच्या घडणींचा जागतिक संग्रह 1971 सालीं निघाला, तेव्हां त्यांत अवघ्या 7 घडणी होत्या. आज त्या दोन लाखांवर आहेत.

मग नोंदच नको, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य नाहीं. सरकारनें 2023 सालीं 7 कोटि लोकांच्या सिकलसेल तपासणीचा संकल्प सोडला, तो योग्यच आहे. दोघेहि वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास रोगाचा संभव चारांत एक असतो; हें आधीं कळलेलें बरें. परंतु जोडीदाराचें हिमोग्लोबिन निर्दोष असेल, तर एकाहि अपत्यास हा रोग होत नाहीं. शिवाय ज्यास आपण दोष म्हणतों, तोच वाहकास तीव्र मलेरियापासून पुष्कळ संरक्षण देतो. वरपक्षानें मुलाचें रक्त तपासलेंच नव्हतें!

त्यांस नांवें ठेवतांना आम्हांस आमचीच लाज वाटली. तीस वर्षें आम्हीं विद्यार्थ्यांच्या चुका तांबड्या शाईनें मोजल्या. चूक कोठें बसली आहे आणि कशामुळें बसली, हें किती वेळां पाहिलें? दोष टिपणें सोपें आहे. त्याची जागा पाहिल्यावांचून न्याय करूं नये, एवढें तरी या संग्रहांपासून आपण शिकावें.