कळतं, पण वळत नाही



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३३ ते ३८

आपल्या पिढीला माहितीची कमतरता नाही. रात्री एक वाजेपर्यंत रील्स बघितल्या की सकाळी काय अवस्था होते, ते माहीत आहे. रागात टाईप केलेला मेसेज लगेच सेंड करू नये, माहीत आहे. आईशी फोनवर बोलताना एक डोळा लॅपटॉपवर ठेवू नये, हेही माहीत आहे. आणि तरी रोज तेच होतं. आपल्या भाषेत याला चारच शब्द आहेत : कळतं, पण वळत नाही.

मग वळतच नसेल, तर कळण्याची किंमत काय?

गीता हा प्रश्न टाळत नाही. ३३व्या श्लोकात भगवंत सरळ सांगतात की ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, तिथे नुसती जबरदस्ती काय कामाची? पहिल्यांदा वाचताना दचकायला होतं. कारण पुढच्याच अध्यायात हेच भगवंत ज्ञानाइतकं पवित्र करणारं दुसरं काही नाही म्हणतात. मग नेमकं खरं काय?

इथे एक धोका आहे. ३३व्या श्लोकावर पुस्तक मिटलं की आपल्याला एक मस्त सबब मिळते : 'माझा स्वभावच असा आहे, काय करणार!' म्हणून ३४वा श्लोक लगेच वाचायचा. तिथे सांगितलंय की प्रत्येक इंद्रियाच्या विषयात आवड आणि नावड दबा धरून बसलेल्याच असतात. त्यांच्या ताब्यात जाऊ नकोस, ते वाटेवरचे लुटारू आहेत. दोन्ही श्लोक एकत्र धरले की अर्थ लागतो. ओढ येणारच, ती स्वभावातून येते. ओढीमागे पाऊल टाकायचं की नाही, हे मात्र अजून आपल्या हातात आहे.

माऊली या ठिकाणी ज्ञानेश्वरीत फार रोखठोक बोलतात. सापाशी खेळता येईल का? वाघाची सोबत धरून निभेल का? गंमत म्हणून लावलेली आग एकदा भडकली की मग आवरते का? इंद्रियांचे लाड तसेच. 'एकच रील बघतो' म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे!

आता खरी गंमत ३६व्या श्लोकात आहे. अर्जुन विचारतो : मनात नसतानाही माणूस चुकीचं वागतो, जणू कोणी बळेच ओढून नेतंय, हा ओढणारा कोण? इथे मला दुर्योधन आठवतो. पांडवगीतेत त्याच्या तोंडी एक प्रसिद्ध वचन आहे. धर्म काय ते मला ठाऊक आहे, पण तिकडे माझं मन जात नाही, आणि अधर्म काय तेही ठाऊक आहे, पण तो सुटत नाही, असा त्याचा आशय. बघा, दोघांची अडचण अगदी एकच आहे! दोघांनाही कळतं, दोघांचंही वळत नाही. पण दुर्योधन त्याचं विधान करतो आणि विषय संपवतो. अर्जुन त्याचाच प्रश्न करतो आणि भगवंतांसमोर ठेवतो. ज्ञानाची किंमत मला इथे दिसते. लॉग वाचल्याने बग आपोआप सुटत नाही, पण न वाचता सोडवायला गेलो तर सगळंच अंदाजपंचे. अर्जुन लॉग उघडून बसलाय.

भगवंत उत्तर देतात : रजोगुणातून येणारे काम आणि क्रोध. आणि ३८व्या श्लोकात तीन दाखले देतात. धुराने झाकलेला अग्नी, धुळीने झाकलेला आरसा, वारेने वेढलेला गर्भ. तिन्ही ठिकाणी आतली वस्तू शाबूत आहे, फक्त झाकलेली आहे. आणि प्रत्येक झाकण काढायची रीत वेगळी आहे.

धूर वाऱ्याच्या एका झुळकीने जातो. बाबा तिसऱ्यांदा विचारतात, 'अरे, हे यूपीआयचं परत दाखव ना', आणि आपला आवाज चढायला लागतो. तो चढतोय हे लक्षात आलं आणि एक श्वास घेतला, तरी पुरतं.

आरशाला झुळूक पुरत नाही, तो पुसावा लागतो. आणि आज पुसला तरी उद्या धूळ बसतेच. मित्राचं पॅकेज, कुणाचा फ्लॅट, कुणाची परदेशवारी, ही तुलनेची धूळ रोजची. म्हणून हरिपाठ, नामस्मरण, वाचन हेही रोजचंच.

गर्भाला मात्र वेळच लागतो, तिथे घाई चालत नाही. वर्षानुवर्षं धरलेला राग, भावाभावांमधली अढी, लहानपणी मनात बसलेली भीती, या गोष्टी आठवडाभराच्या संकल्पाने जात नाहीत. तिथे धीर हवा, सत्संग हवा, आणि गरज असेल तर समुपदेशकाकडे जाण्यातही कमीपणा नाही.

आपली गल्लत बहुतेक वेळा इथेच होते. गर्भाला झुळकीची अपेक्षा करतो आणि मग 'माझ्याच्याने होत नाही' म्हणून हात टेकतो. किंवा नुसता धूर असतो आणि आपण त्याला 'स्वभाव' म्हणून सोडून देतो. समोर कोणतं झाकण आहे हे ओळखता येणं, हेसुद्धा ज्ञानच आहे.

आजची साधना : झोपण्याआधी आज जिथे कळलं पण वळलं नाही, असा एकच प्रसंग आठवा. स्वतःला दोष देऊ नका, सबबही सांगू नका. फक्त विचारा : हा धूर होता, धूळ होती, की गर्भाची वार? आणि अर्जुनासारखा तो प्रश्न देवासमोर ठेवून झोपा.

उद्या श्लोक ३९ पासून पुढे जाऊ.

जय हरी! 🙏