पोटात येण्याआधीचा हक्क

सुनेला दिवस गेल्याची बातमी आली की आपल्या घराचा नूरच बदलतो. एरवी हिशेबाने तूप वाढणारी सासू तिच्या ताटात हात सैल सोडते. सासरे बाजारातून येताना खारका-बदाम आणतात. जड घागर तिला उचलू दिली जात नाही. सातव्या महिन्यात सतवासा होतो, ओटी भरली जाते. बाळ झाले की छट्टी, मग अकीका. ही सारी रीत मायेने भरलेली आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या रीतीत एक गोष्ट आपण न बोलता गृहीत धरलेली असते. बाळाची कहाणी सुरू होते ती बातमी कळल्यापासून, असे आपण मानतो. त्याआधी बाळ नसतेच. मग जे नाही, त्याचे आपण काय देणे लागतो?

प्रश्न वरवर पाहता फिजूल वाटतो. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत वैद्यकशास्त्राने जे शोधून काढले आहे, त्याने या प्रश्नाला धार आणली आहे.

एक साधी गोष्ट पाहू. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. ती नीट मिटायला फॉलिक अॅसिड नावाचे जीवनसत्त्व लागते. ते आधीपासून घेतल्यास या नळीचे व्यंग बऱ्याच प्रमाणात टळते, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या 1991 सालच्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले. आता हिशेब करा. पाळी चुकली, चार-आठ दिवस वाट पाहिली, मग सासूला सांगितले, मग दवाखान्यात गेलो, मग गोळ्या मिळाल्या. तोवर ते 28 दिवस सरून गेलेले असतात. म्हणजे आपली माया पोहोचेपर्यंत बाळाचे एक मोठे काम उरकलेले असते.

दुसरी गोष्ट याहून थक्क करणारी आहे. मुलगी जन्माला येते तेव्हा तिची सारी स्त्रीबीजे तिच्या शरीरात आधीच तयार असतात. म्हणजे ज्या बीजातून आपण घडलो, ते आपली आई आपल्या नानीच्या पोटात असताना तयार झाले होते. नानीने तेव्हा काय खाल्ले, किती उपसले, किती सोसले, याच्याशी आपला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, जर्मन फौजांनी अन्नपुरवठा रोखल्यामुळे हॉलंडच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. त्या दिवसांत ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यातील अनेकांचे जन्माच्या वेळचे वजन ठीकच होते, कारण पुढे युद्ध संपले आणि आईला अन्न मिळाले. पण ती माणसे पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात हृदयविकार आणि स्थूलपणा अधिक दिसला. इतकेच नव्हे, साठ वर्षांनंतर त्यांचे रक्त तपासले तेव्हा जनुकांवरच्या रासायनिक खुणाही वेगळ्या आढळल्या. हा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. भूक आईची होती, हिशेब लेकराच्या देहात लिहिला गेला होता.

हॉलंड दूर वाटत असेल तर आपल्या पुण्याजवळ या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली जवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. वैशिष्ट्य असे की, त्यांनी बायकांची पाहणी गर्भ राहण्याआधीपासून केली. शेतात राबणाऱ्या या बायकांचे वजन सरासरी 42 किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची जन्मली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. पण आपली बाळे बारीक असूनही त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. दिसायला किरकोळ, आत मेद! पुढच्या मधुमेहाचे बी जन्मतःच पेरलेले. ज्या आयांच्या रक्तात फॉलिक अॅसिड भरपूर पण बी-12 जीवनसत्त्व कमी होते, त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला होणारा विरोध अधिक दिसला. म्हणून याच गटाने 2012 साली पुढचा प्रयोग सुरू केला. पहिल्या अभ्यासातल्या त्या बाळांना, जी आता मुले-मुली म्हणून वयात आली होती, बी-12 देण्यात आले. हेतू त्यांच्या होणाऱ्या बाळांचा होता.

मुंबईतही असाच प्रयत्न झाला. 2006 पासून झोपडपट्ट्यांतील साडेसहा हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून रोज एक खाऊ देण्यात आला. अर्ध्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. सर्वांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठाम फरक दिसला नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून पौष्टिक खाऊ खाल्ला, त्यांची बाळे सरासरी 48 ग्रॅमने जड भरली. एका अंड्याएवढे हे वजन! शिवाय गरोदरपणातला मधुमेह पौष्टिक खाऊवाल्या बायकांत 7.3 टक्के आणि दुसऱ्यांत 12.4 टक्के आढळला. म्हणजे लाभ बाळाआधी आईच्या पदरात पडला. मात्र एक बोचरी गोष्टही दिसली. ज्या बायका फारच हडकुळ्या होत्या, त्यांच्या बाळांना वजनाचा हा लाभ मिळाला नाही. आम्ही याचा अर्थ असा लावतो, की वीस वर्षांची उपासमार काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही.

इथे बापाला बाजूला उभे राहता येणार नाही. पुरुषबीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्या काळातली बिडी-सिगारेट त्या बीजाला इजा करते. आणि थॅलेसेमियाच्या बाबतीत तर आई-बाप दोघांचा वाटा अगदी सारखा आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तीव्र आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक असलेला माणूस स्वतः धडधाकट असतो, त्याला काहीच कळत नाही. चुलत-मामे-फुफेऱ्या-खालेऱ्या नात्यात निकाह होतो तेव्हा एकाच आजा-आजीचा दोष दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. असे निकाह शरीयतने जायज ठेवले आहेत; पण जायज म्हणजे डोळे मिटून करावे असे नव्हे. इराणने 1997 साली निकाहाआधी थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची केली. तिथल्या उलेमांना त्यात दीन बुडालेला दिसला नाही. आपल्याकडे मात्र मुलाची नोकरी, मुलीचा रंग, हॉल, बिर्याणीच्या देगा, सगळे पाहिले जाते. रक्त तेवढे पाहायचे राहते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जे लेकरू अजून नाही, त्याचा हक्क कसा मानायचा?

प्रत्येक खानदानात एखादी फुफी असते. ती म्हणते, “मी चौदाव्या वर्षी बाळंतीण झाले. माझी मुले झाली ना मोठी? मी थांबले असते तर हा माझा रशीद कुठून आला असता?” आपण हसतो आणि गप्प बसतो, कारण उत्तर सुचत नाही. गंमत अशी की, डेरेक पार्फिट नावाच्या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञालाही याच कोड्याने छळले. 1984 सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी चौदा वर्षांच्या मुलीचेच उदाहरण घेतले. ती थांबली असती तर झाले असते ते वेगळे मूल. मग या मुलावर अन्याय झाला असे कसे म्हणावे? त्याला पर्याय म्हणजे नसणे! आपल्याला याचे पूर्ण उत्तर सापडले नाही, असे पार्फिट यांनीच मान्य केले.

आम्हाला वाटते, या कोड्याची एक किल्ली आपल्याच घरात आहे. वक्फ अलल औलाद ही आपली जुनी रीत. माणूस आपली जमीन, आपले घर वक्फ करतो ते आजच्या मुलांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी, जी अजून जन्माला यायची आहेत, ज्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. 1894 साली प्रिव्ही कौन्सिलने असा एक वक्फ अवैध ठरवला, तेव्हा देशभरचे मुसलमान अस्वस्थ झाले आणि 1913 मध्ये त्यासाठी खास कायदा झाला. म्हणजे न जन्मलेल्यांच्या हक्कासाठी आपण लढलो आहोत. अशा वक्फचा मुतवल्ली मालमत्ता उधळून म्हणाला, “ज्यांचे नुकसान झाले ते तेव्हा होतेच कुठे?” तर आपण ते ऐकून घेऊ काय? फुफीलाही हेच उत्तर आहे. रशीद आला, शुक्र आहे, तो आम्हाला प्यारा आहे. पण आपले कर्तव्य एका ठरावीक रशीदशी नव्हते. त्या जागी जो कोणी येईल, त्याच्याशी होते. आणि कच्च्या वयात बाळंत झालेल्या त्या चौदा वर्षांच्या मुलीशीही होते. ती तर तेव्हा होतीच ना? तिचा हक्क शोधायला तत्त्वज्ञानाची गरज नाही.

जमिनीच्या बाबतीत जे आपण मानतो, ते देहाच्या बाबतीत का मानू नये? देह ही अमानत आहे असे आपण दर जुम्म्याला ऐकतो. बंद्याचा हक्क बुडाला तर तो बंद्यानेच माफ करायचा असतो, हेही लहानपणापासून शिकतो. मग ज्याचा हक्क त्याच्या जन्माआधीच बुडाला, त्याची माफी कुठे मागायची?

पण इथे थांबून एक धोका ओळखला पाहिजे. हे नवे ज्ञान आपल्या घरात आले की ते आधी सुनेच्या पाठीवर काठी बनून पडेल, अशी भीती आम्हाला वाटते. बाळ कमी वजनाचे झाले, आजारी निघाले, की पहिला सवाल, “तू काय खाल्लेस? आधी का नाही काळजी घेतलीस?” पूर्वी तिच्या नशिबाला दोष होता, आता तिच्या रक्ताला. हे शास्त्र नव्हे, हा जुनाच जुलूम आहे, फक्त त्याला डॉक्टरची चिठ्ठी जोडलेली आहे. ती अशक्त आहे कारण ती मुलगी असताना तिच्या ताटात भाकरीचा शेवटचा तुकडा पडला. तिच्या अम्मीचेही तेच झाले होते. मागे मागे जात राहिलो तर गुन्हेगार सापडत नाही, फक्त भुकेलेल्या बायकांची रांग सापडते. म्हणून दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. दोष मागे पाहतो आणि एकाच्या गळ्यात पडतो. जबाबदारी पुढे पाहते आणि सर्वांना वाटून घ्यावी लागते. त्यात नवरा येतो, दोन्ही घरे येतात, जमात येते आणि सरकारही येते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मुलीला दूध द्या, कारण ती उद्याची आई आहे, असे आपण म्हणू लागतो. वाक्य गोड आहे, पण त्यात एक कडू बी आहे. जी आई होणार नाही, जिला मूल होणार नाही, तिला दूध नको काय? मुलगी म्हणजे कुणाच्या तरी नातवाला पोहोचवणारी नाव नव्हे. तिला भूक लागते म्हणून तिला अन्न द्यायचे. तिचा हक्क पहिला, बाळाचा त्यातून आपोआप येतो. मुंबईच्या त्या खाऊनेही तेच दाखवले. आधी आईचा मधुमेह टळला.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. या आकड्यांत सर्व जातिधर्मांच्या लेकी आहेत, आपल्याही आहेत. यातले पुष्कळसे दुरुस्त करायला फार पैसा लागत नाही. मुलीच्या ताटात मुलाइतकेच दूध, अंडे, पालेभाजी. निकाह ठरवण्याआधी दोघांची रक्ततपासणी, आणि तीही फक्त मुलीची नव्हे. लग्नाला अठराही घाई वाटावी अशी सवय. मूल हवे असे ठरले की डॉक्टरांना विचारून फॉलिक अॅसिड आणि बी-12. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर. नवऱ्याने तंबाखू सोडणे. जहेजच्या यादीवर दोन घरे रात्र रात्र बसतात, त्यातला अर्धा तास या यादीला दिला तरी पुरे.

हे सारे करूनही बाळ आजारी होऊ शकते. माणसाच्या हातात सगळे नाही, हे आपण मानतो. पण उंट बांधून मग तवक्कुल करावे, हीच आपली शिकवण आहे. न बांधता केलेल्या भरवशाला आळस म्हणतात.

सतवासा करूच. ओटी भरू, गाणी म्हणू. फक्त तिची तयारी थोडी आधी सुरू करू. आज रात्री दस्तरखानावर बसताना घरातल्या बारा वर्षांच्या मुलीकडे एकदा पाहू. सर्वांचे जेवण झाल्यावर ती बसते की सर्वांबरोबर? तिच्या ताटात काय आहे?