शेवटच्या ओळीआधीचं कोटेशन

घराच्या दुरुस्तीसाठी तीन ठिकाणांहून कोटेशन मागवा, हा सल्ला सगळेच देतात. वाचताना मात्र आपली नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. बाथरूमच्या कामाला एक ठेकेदार चार ओळींत ‘एकरकमी, मालासकट’ असा आकडा टाकून मोकळा होतो. दुसरा दीड पान लिहितो: जुनी फरशी फोडणं, राडारोडा खाली नेणं, ब्रिकबॅट कोबा, टाइल्स अमुक दरापर्यंतच्या, त्याहून भारी घेतल्यास फरक मालकाकडे, नळ-शॉवर मालकाने आणायचे, जीएसटी वेगळा. याचा आकडा साहजिकच मोठा दिसतो. काम पहिल्याला मिळतं.

मग फोडाफोडीत गंजलेला पाइप निघतो आणि ‘एक्स्ट्रा’ सुरू होतं. राडारोड्याचे वेगळे. पक्कं बिल हवं तर 18 टक्के जीएसटी वर. ठेकेदार लबाड निघाला, असं आपण सोसायटीभर सांगतो. असेलही. पण ‘मालासकट’ म्हणजे कोणता माल, हे आपण विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आकडा वाढला असता.

याहून वाईट एक सवय आहे आणि तिला व्यवहारचातुर्य म्हणतात. ज्याने येऊन मापं घेतली, रात्री बसून तपशील लिहिला, त्याच्या कागदाचा फोटो काढून दुसऱ्याला पाठवायचा: ‘याच्यापेक्षा कमी कर.’ तो मेहनतीचा कागद फुकट वापरला गेला, असं कोणाला वाटतही नाही. पुढच्या वेळी तोही चार ओळींतच लिहील.

मापाबद्दलचा आपला संशयही बऱ्याचदा भलतीकडेच असतो. प्लास्टर मोजताना एक्झॉस्ट फॅनचं भोक वजा केलं नाही म्हणून मालक हुज्जत घालतात. मापनाच्या भारतीय मानकात (आयएस 1200) अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची अशी मोकळी जागा वजा न करण्याचाच नियम आहे. तिच्या कडा काढायला गवंड्याचा वेळ जातो आणि त्याचे वेगळे पैसे त्याला मिळत नाहीत. उलट ‘ब्रास’चा दर लिहिलेला असतो तिथे आपण थांबत नाही. वाळूचा ब्रास 100 घनफुटांचा, क्षेत्रफळाचा 100 चौरस फुटांचा. कोबा किती जाडीचा हे लिहिलेलं नसेल, तर नुसत्या चौरस फुटाच्या दराला काय अर्थ?

राहिला तो गंजलेला पाइप. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 70 सांगतं, की कोणी कायदेशीरपणे, फुकट करण्याच्या हेतूने नव्हे, असं काम केलं आणि आपण त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. किती, यावर तिथे घासाघीस होतेच. म्हणून ‘एक्स्ट्रा’चा दर आणि आधी विचारण्याची अट भिंत फोडण्यापूर्वीच लिहून घेतलेली बरी. नाहीतर भांडण शेवटच्या हप्त्यावर येतं, आपण तो अडवून धरतो, आणि बिगाऱ्यांची त्या आठवड्याची मजुरी बहुधा त्यातूनच निघायची असते.