उपकार आणि उंबरठा

परोपकार हा सद्गुण खरा. परंतु न्यायाची उणीव झाकण्यासाठी तो पुढे केला जाऊ लागला, म्हणजे त्याची पारख करणे अवश्य होते. आमचा संचार गेली पंधरा वर्षे चाकांच्या खुर्चीतून होतो. मध्यंतरी एका खासगी कलासंग्रहालयात गेलो असता दारातील चार पायऱ्यांपुढे आम्हांस थांबावे लागले. दोघा रखवालदारांनी खुर्चीसह उचलून आम्हांस आत नेले. त्यांच्या सौजन्याविषयी शंका नाही. तथापि आत आमचे अर्धे लक्ष चित्रांत, तर अर्धे, परतताना हे दोघे जागेवर असतील ना, या विवंचनेत होते. दुसऱ्याच्या सवडीने आत येणारा मनुष्य रसिक राहत नाही; तो आश्रित होतो.

न्यूयॉर्कचे गुगेनहाइम संग्रहालयही खासगीच. 2014 साली तेथे नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, त्या निमित्ताने आम्ही गेलो होतो. फ्रँक लॉइड राइट यांची ही वास्तू 1959 साली खुली झाली. उद्वाहनाने वर जावे आणि शंखाच्या वेढ्यांसारख्या उतरणीवरून चित्रे पाहत खाली यावे, अशी तेथील मूळ योजना. ही उतरण केवळ पंगूंसाठी नाही. ती सर्वांचीच वाट आहे. म्हणून तिच्यावर आमची खुर्ची अपवाद ठरली नाही.

कोणी म्हणेल, खासगी धन्याने आपल्या दारास किती पायऱ्या ठेवाव्यात, हे सांगणारे आपण कोण? संग्रह घरात आहे तोवर हा आक्षेप रास्त आहे. परंतु ज्याने सर्वांस आमंत्रण दिले, त्याने यजमानपणाचे बंधन आपणहून पत्करले. अमेरिकेने 1990 साली आणि भारताने 2016 साली हे बंधन कायद्याने खासगी संस्थांवरही घातले.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. 1956 साली एकवीस कलावंतांनी राइट यांच्या योजनेस विरोध केला होता. उतरत्या जमिनीवर व कलत्या भिंतींवर चित्रे नीट दिसणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नव्हते असे नाही. सर्वांची सोय पाहू गेल्यास कोणाची तरी थोडी गैरसोय होतेच. ती सर्वांनी वाटून घ्यावी, की नेहमी एकाच्याच माथी मारावी, एवढाच प्रश्न उरतो. आणि न्यायबुद्धीस त्याचे उत्तर कठीण नाही.

त्या दोघा रखवालदारांचे आम्ही ऋणी आहोत. पुढच्या खेपेस मात्र त्यांच्याशी चित्रांविषयी बोलावे, अशी आमची इच्छा आहे.