परवडणारे शिवणयंत्र कोणाला परवडते?

शिवणयंत्राची खरेदी हा या पानांत यावा असा विषय आहे काय, असे काही वाचकांस वाटेल. तो बाजाराचा विषय आहे, हे खरेच. परंतु आपल्या महिला मंडळांकडे आणि साहाय्य समित्यांकडे हा प्रश्न वारंवार येतो, आणि आला म्हणजे आपण त्याचा निकाल बहुधा पाच मिनिटांत लावतो. पैसे किती जमले? तेवढ्यात बसेल ते घ्या. त्या पाच मिनिटांत एका घराच्या पुढल्या दहा वर्षांचा निर्णय होऊन जातो.

समजा, मुरगाव तालुक्यात, सड्यावर किंवा बायण्यात, एक विधवा भगिनी राहते. दोन मुले शाळेत आहेत. शेजारणींचे ब्लाऊज, साड्यांचे फॉल, मुलांचे गणवेश यांवर तिचे घर चालते. तिची जुनी मशीन आता थकली आहे. शाफ्ट झिजला आहे, टाका मध्येच सुटतो, आणि दुरुस्ती करणाऱ्यानेही हात टेकले आहेत. तिच्याजवळ साठवलेले दोन हजार रुपये आहेत, मंडळीने सहा हजार जमविले आहेत. या आठ हजारांत काय घ्यावे?

दुकानात गेले की डोळ्यांत प्रथम भरते ती विजेवर चालणारी, हलकी, रंगीत अंगाची मशीन. झिगझॅग होते, काजे होतात, उचलून कपाटात ठेवता येते. घरच्या घरी महिन्यातून चार वेळा शिवणाऱ्या गृहिणीला ती उत्तम. पण रोज सात-आठ तास शिवायचे असेल, जाड जीन्सच्या पायाला दुमड घालायची असेल, तर आतली प्लास्टिकची दंतचक्रे फार दिवस साथ देत नाहीत, आणि पावसाळ्यात वीज गेली की हातही थांबतात. पेडणे किंवा डिचोलीच्या आतल्या गावी राहणाऱ्या भगिनीला तर हा विचार आधी करावा लागेल.

दुसरी ती साधी काळी लोखंडी मशीन, पायाने चालवायची. तिची घडण जवळजवळ शंभर वर्षे फारशी बदललेली नाही. कलकत्त्याच्या जय इंजिनियरिंग वर्क्सने 1930 च्या दशकात उषा मशीन काढली तीही याच कुळातली. ती फक्त सरळ टाका घालते, पण तिचे शटल, बॉबिन, पट्टा लहानशा बाजारातही मिळतात आणि कोणताही कारागीर ती उघडू शकतो. पाय दुखू लागले तर पुढे तिलाच मोटर बसवता येते. तिसरी वाट म्हणजे शिंपी किंवा कारखानदार काढून टाकतो ती जुनी वेगवान मशीन, जिला बाजारात सरसकट ‘जुकी’ म्हणतात. गणवेशांच्या मोठ्या कामाला तिच्यासारखी दुसरी नाही. मात्र ती जागा खाते आणि हात बसायला वेळ घेते.

चांगली राहिलेली जुनी काळी मशीन ही पुष्कळदा नव्या स्वस्त मशीनहून सरस असते, असे आमचे मत आहे. 1961 पर्यंत गोव्यात परदेशी माल मुरगाव बंदरातून सहज येई, आणि जुन्या घरांतून तेव्हाची लोखंडी यंत्रे आजही आढळतात. पण ‘चांगली राहिलेली’ हे शब्द विसरू नयेत. येथील खारा वारा लोखंड खातो, आणि बंदरातल्या कोळशाची पूड खिडकीत कशी बसते हे वास्कोच्या बायकांना सांगायला नको. जुनी मशीन घेताना चाक हाताने सावकाश फिरवून पाहावे. कुठे अडखळते का, चाक मागेपुढे हलते का, सुईचा दांडा डुगडुगतो का, ते पाहावे. आपले कापड बरोबर न्यावे, एक तुकडा पातळ व्हॉइलचा आणि एक जाड कापडाचा चार पदरी. दोन्हींवर वरचा आणि खालचा टाका सारखा पडला पाहिजे. आणि ही परीक्षा समितीच्या चिटणीसाने नव्हे, जिला शिवायचे आहे तिने करावी.

येथेच आमच्या मते मुख्य प्रश्न आहे. ‘परवडणारे’ हा शब्द आपण कोणाच्या बाजूने वापरतो? देणाऱ्याचा खर्च खरेदीच्या दिवशी संपतो. वापरणारीचा त्या दिवशी सुरू होतो. पाच हजारांची मशीन सहा महिन्यांनी बंद पडली, तर समितीच्या वहीत एक हजाराची बचत दिसते. परंतु ऐन सणाच्या तोंडावर चार दिवसांचे काम परत द्यावे लागते, गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे तो एकदाच चांगली वस्तू घेऊन मोकळा होतो. नसलेल्याला तीच वस्तू तीनदा घ्यावी लागते. गरिबाला स्वस्ताई अशी महाग पडते. आणि ती स्वस्ताई जर आपणच त्याच्यासाठी निवडली असेल, तर ती निव्वळ व्यवहाराची बाब कशी राहील?

घरात नवी मशीन आली की जुनी ‘कोणा गरिबाला’ देण्याची पद्धत आहे. देणे चांगलेच. पण आंधळे आणि लंगडे पशू वेदीवर आणणाऱ्या लोकांना मलाखी संदेष्ट्याने काय विचारले ते आठवावे. असले दान तुम्ही आपल्या अधिकाऱ्याकडे नेऊन पाहा, तो स्वीकारील काय? जुनी मशीन द्यायची तर ती उघडून, साफ करून, झिजलेले भाग बदलून द्यावी. त्याला दीड-दोन हजार लागले, तर तोच आपल्या दानाचा खरा भाग. (बंद मशीन देऊन वर फीत कापणे आणि भाषण करणे, हेही कोठे कोठे चालते. असो.)

याहून कठीण प्रसंग असा. हाती बारा हजार आहेत आणि गरजू भगिनी दोघी. सहा-सहा हजारांच्या दोन मशिनी घ्याव्यात की एकीला चांगली घेऊन दुसरीला थांबायला सांगावे? अहवालात ‘दोन शिवणयंत्रे वाटली’ हे शोभून दिसते. दुसरीकडे, रिकाम्या हाताने घरी जाणाऱ्या भगिनीला आपण काय सांगणार? आम्हांस याचे सोपे उत्तर सापडलेले नाही. परंतु आरंभीच्या मंडळीत वाटणी डोकी मोजून होत नसे, गरज पाहून होई. दोघींना समोर बसवून विचारले, तर कदाचित कळेल की एकीला फॉल-पिकोसाठी साधी मशीन पुरे आहे, आणि दुसरीला शाळेच्या गणवेशांचे काम मिळणार असल्याने वेग हवा आहे. मग विभागणी सारखी राहणार नाही, तरी ती न्यायाची होईल.

संडे स्कूलमध्ये आपण यापोच्या दुर्कसची गोष्ट सांगतो. ती मरण पावली तेव्हा विधवांनी पेत्राला तिने केलेले कपडे दाखविले. विधवा रडत होत्या, पण कपडे टिकाऊ होते आणि त्यांच्या अंगाला बसत होते, एवढे तरी आपण समजू शकतो. न बसणारे कपडे कोण जपून ठेवील?

आता पैशाविषयी. सिंगर कंपनीने 1856 च्या सुमारास अमेरिकेत हप्त्यांनी मशीन देण्याची चाल सुरू केली, आणि गरीब घरांत यंत्र पोहोचण्यास ती फार उपयोगी पडली. गांधीजींनीही 1924 साली यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या मशीनला अपवाद केले होते. हप्त्याची दुसरी बाजू अशी की हप्ते थकले तर मशीन परत जाते, म्हणजे कर्ज फेडण्याचे साधनच जाते. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेण्यास मनाई आहे, कारण तसे करणे म्हणजे माणसाचे जीवनच गहाण घेणे होय. शिवणाऱ्या बाईचे जाते म्हणजे तिची मशीन. मंडळीने बिनव्याजी कर्ज दिले, तर ते थकले म्हणून मशीन उचलून आणायची नाही, हे ठरावात आधीच लिहून ठेवावे.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा धंद्यांमध्ये शिंपीकामही आहे, आणि अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. अर्ज भरण्यास आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी भगिनींबरोबर जावे. सहा हजार जमविण्याइतकेच तेही काम मोलाचे आहे.

आणि सगळे पैसे मशीनवरच संपवू नयेत. सात-आठशे रुपये बाजूला ठेवावेत. त्यांत सुयांची दोन पाकिटे, जादा बॉबिन, पट्टा, कारागिराची सहा महिन्यांनंतरची एक फेरी, आणि मशीनच्या तेलाची बाटली येते. हे तेल नसले की हात खोबरेलाकडे जातो, आणि खोबरेल आत चिकटून बसते.