विहिरीचं पाणी आणि डोळ्यांतलं पाणी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

आजचं चिंतन : श्रीगजानन विजय, अध्याय ५

आपल्या अकोटजवळच्या अकोलीची ही कथा. भर उन्हात महाराज शेतात राबणाऱ्या भास्कर पाटलांकडे पाणी मागतात. भास्कर पाणी देत नाहीत, उलट धडधाकट असून मागता म्हणून बोल लावतात. महाराज जवळच्या विहिरीशी जाऊन देवाला आळवतात आणि बारा वर्षं कोरडी पडलेली विहीर भरते. भास्कर पाय धरतात.

परवा पारायणात हा अध्याय लागला. भास्कर 'नाही' म्हणायच्या आधीच माझा गळा दाटून आला. कथा तर शंभरदा ऐकलेली, मग असं का व्हावं?

२०१० साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोष्ट सांगणाऱ्याचा व ऐकणाऱ्यांचा मेंदू तपासला. ऐकणाऱ्याचा मेंदू सांगणाऱ्याच्या मागोमाग, काही क्षणांच्या अंतरानं, तसाच चालतो. पण काही भागांत तो पुढेही धावतो. आणि जो जास्त पुढे धावतो, त्याला गोष्ट जास्त कळलेली असते. भाषाच कळत नसेल तर हा मेळ जुळतच नाही. तो प्रयोग भावनेचा नव्हता, पण वाचून मला माझा दाटलेला गळा आठवला.

आता खरी गोष्ट सांगते. त्याच दुपारी फाटकाशी एक भंगारवाले बाबा आले. "माय, थंड पानी असन त द्या घोटभर." प्रसादाची भांडी आवरायची होती. मी आतूनच म्हटलं, "पुढे जा बाबा, आत्ता हात रिकामे नाहीत."

संध्याकाळी माठ भरताना हात थबकला. पोथीत शब्दाच्याही पुढे धावणारं माझं मन, माझ्याच फाटकाशी इतकं मागे कसं राहिलं?

कारण पोथी ऐकताना मी कायम महाराजांच्या बाजूला बसते. भास्कर म्हणजे दुसरं कुणीतरी. तिथे रडायला काही लागत नाही, जागेवरून उठावंही लागत नाही.

मग ते रडणं खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. पोथी ऐकली नसती तर संध्याकाळी हात थबकलाच नसता. याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला श्रवणापाठोपाठ मनन आणि निदिध्यासन सांगितलं, ते यासाठीच असावं. ऐकताना येणारं पाणी श्रवणाचं. 'यात भास्कर मीच' हे कळणं म्हणजे मनन. त्यापुढचं मात्र उठून करायचं असतं. भास्कर नुसते रडून थांबले नाहीत, संसार सोडून महाराजांमागे गेले.

त्यांचं एक भाग्य होतं, महाराज अजून विहिरीशीच उभे होते. माझे बाबा निघून गेले होते.

फाटकाबाहेर रांजण भरून ठेवलाय. ते बाबा अजून आले नाहीत.

जय गजानन!