माल कुणाचा, माग कुणाचा

वेल्समधल्या न्यूटाउन गावात, कमर्शियल स्ट्रीटवर, विणकरांची एक जुनी इमारत अजून उभी आहे. खाली पाठीला पाठ लावून बांधलेली सहा लहान घरे आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून सलग गेलेले दोन माळे. घरे एकमेकांपासून भिंतींनी तोडलेली, पण वरचे माळे मात्र एकसंध, कारण तिथे हातमागांची रांग बसवायची होती. १८३० च्या दशकातल्या या वास्तूत आता वस्त्रोद्योगाचे संग्रहालय आहे. संसार खाली आणि काम वर, अशी ही मांडणी. यात विणकराच्या मालकीचे फारसे काहीच नव्हते. घर भाड्याचे, माग बहुधा मालकाचा आणि सूतही त्याचेच.

त्या काळात न्यूटाउनला ‘वेल्सचे लीड्स’ म्हणत. आसपासच्या डोंगरांवर मेंढ्या आणि गावाला वळसा घालून वाहणारी सेव्हर्न नदी. विणलेले कापड पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांखाली कुटून घट्ट करायचे, मग आकड्यांच्या चौकटींवर ताणून उघड्यावर वाळवायचे. अशी तयार झालेली फ्लॅनेल ऊबदार, टिकाऊ आणि अंगाला मऊ. १८२० च्या सुमारास कालवा गावापर्यंत पोचला आणि माल नावेने बाहेर जाऊ लागला. १८३२ मध्ये गावाने स्वतःचा फ्लॅनेल बाजार बांधला आणि शेजारच्या वेल्शपूलचा व्यापार आपल्याकडे ओढून घेतला. स्थानिक उद्योगाचे इतिहास इथवर फार रंगून सांगतात. कालवा आला, बाजार आला, भरभराट झाली.

पण ती भरभराट कुणाच्या घरात गेली, हे विचारल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मजुरी रोख न देता मालकाच्याच दुकानातून सामान उचलायला लावायचे, ही त्या काळातली सर्रास चाल. त्यावर १८३१ मध्ये कायद्याने बंदी घालावी लागली. वेल्समधल्या चार्टिस्ट चळवळीच्या अगदी पहिल्या मोठ्या सभांपैकी एक १८३८ साली याच न्यूटाउनात भरली. पुढच्याच वर्षी जवळच्या लानिडलोसमध्ये दंगा उसळला. मताचा हक्क मागणाऱ्या त्या गर्दीत फ्लॅनेल विणणारे होते. बाजाराची देखणी इमारत बांधून झाल्याला तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षे झाली होती.

याच गावात १७७१ साली, खोगिरे आणि लोखंडी सामान विकणाऱ्या एका दुकानदाराच्या घरी रॉबर्ट ओवेनचा जन्म झाला. दहाव्या वर्षी तो गाव सोडून गेला, पुढे स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीचा कारभारी झाला. कामगाराला माणसासारखे वागवूनही गिरणी नफ्यात चालते, हे त्याने तिथे दाखवून दिले. त्याने वसवू पाहिलेल्या आदर्श वसाहती मात्र टिकल्या नाहीत. त्याच्या सहकाराच्या विचाराला खरी पालवी फुटली ती इंग्लंडमधल्या रॉचडेलला. १८४४ च्या डिसेंबरात, मजुरीसाठीचा लढा हरल्यानंतर, तिथल्या काही विणकरांनी आणि इतर कारागिरांनी पैसे साठवून टोड लेनवर दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. दर सभासदाला एकच मत, आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत. जगभरच्या सहकाराची तत्त्वे या नियमांवरून घडली, आणि प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून महाराष्ट्राने सहकाराचा जो विस्तार पाहिला, त्याचे वैचारिक नाते टोड लेनपर्यंत पोचते.

याच रॉचडेलच्या यंत्रमागांवरच्या स्वस्त फ्लॅनेलने न्यूटाउनचा हातमाग मोडला. ओवेनच्या गावाला रॉचडेलकडून स्पर्धा मिळाली आणि ओवेनच्या विचारातून निघालेले दुकानही रॉचडेललाच उघडले. न्यूटाउनच्या विणकराच्या वाट्याला यातले फक्त पहिले आले, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे दुःख वाटते.

१८६१ च्या सुमारास रेल्वेने न्यूटाउन देशाच्या जाळ्याला जोडले गेले. तिचा पुरेपूर उपयोग केला तो प्राइस जोन्स या कापड दुकानदाराने. कापडाचे नमुने टपालाने पाठवायचे, पत्राने मागणी घ्यायची, माल रेल्वेने रवाना करायचा. घरबसल्या खरेदीचा हा धंदा त्याने इतक्या मोठ्या प्रमाणावर उभा केला की राणी व्हिक्टोरिया आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्याच्या गिऱ्हाइकांत होत्या. १८७९ मध्ये स्टेशनाजवळ त्याने लाल विटांचे भव्य ‘रॉयल वेल्श वेअरहाउस’ बांधले. १८७६ मध्ये त्याने पेटंट घेतलेली ‘युक्लिसिया’ ही लोकरी रजाई आजच्या स्लीपिंग बॅगची पूर्वज. तिच्यात हवा भरायची रबरी उशी शिवलेली असे, माणसाने आत शिरायचे आणि कडा बंद करून घ्यायच्या. रशियन सैन्याने अशा ६०,००० रजाया मागवल्या. रशिया-तुर्कस्तान युद्धातला प्लेव्हनाचा वेढा संपला आणि उरलेली मागणी रद्द झाली. जोन्सने शिल्लक माल दुसरीकडे खपवला. असा माणूस गावात असणे हे भाग्यच, हे मी मनापासून म्हणतो. पण रेल्वेने त्याची पार्सले बाहेर नेली तसाच बाहेरचा गिरणीमालही सगळीकडे पोचवला. दुकानदार कुणाचाही माल विकून तरतो. विणकराला तशी सोय नसते. १९१२ मध्ये कॅम्ब्रियन मिल जळाली आणि गावातला फ्लॅनेलचा मोठा धंदा तिथेच थांबला.

विसाव्या शतकात इथे पुन्हा कापडाचे काम आले. मर्थरजवळच्या डाउलेसमध्ये जन्मलेल्या लॉरा ॲशलीने १९६० च्या दशकात न्यूटाउनजवळच्या कार्नोला कारखाना नेला. बारीक फुलांच्या छपाईने तिचे नाव जगभर झाले, आणि न्यूटाउन भागातल्या अनेक घरांना शिलाईचे काम मिळाले. १९८५ मध्ये तिचा मृत्यू झाला, त्याच वर्षी कंपनीचे शेअर बाजारात आले. पुढे मोठा वाटा मलेशियातल्या उद्योगसमूहाकडे गेला. कुठला कारखाना ठेवायचा आणि कुठला मिटवायचा, हे ठरवणारी माणसे आता न्यूटाउनपासून हजारो किलोमीटरवर होती. कार्नोचा कारखाना पुढे बंद झाला, न्यूटाउनमधला मात्र चालू राहिला. मार्च २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. लॉरा ॲशली हे नाव आणि छापील नमुन्यांचा संग्रह एका अमेरिकी कंपनीने विकत घेतला, आणि पुढच्या वर्षी त्या नावाचा माल दुसऱ्याच कंपनीच्या दुकानांत विकला जाऊ लागला. न्यूटाउनचा कारखाना त्या खरेदीत नव्हता.